आमच्याच पोरीने दिलेली पेनल्टी

काव्हाला, १९ मे

झीनो,

तुझा फोन लागत नाही. स्तेर्गिओसला केला, तर तो म्हणाला, तिने नंबर बदललाय आणि नवा कुणालाही द्यायचा नाही असं बजावलंय. जावईबापू भला माणूस, त्याला 'कुणालाही म्हणजे आईलासुद्धा' असं तोंडाने म्हणवेना, पण मी समजले. म्हणून पत्र. शाळा सुटल्यापासून मी एवढं कधी लिहिलेलं नाही. चुका काढू नकोस. चुका काढायची तुला सवय आहे, माहीत आहे मला.

आम्ही बरे आहोत. दुकान दोन-चार दिवस बंद ठेवलंय, शटरला रंग द्यायचा होता. बाबांचं ब्लडप्रेशर ठीक आहे. समुद्रावरून वारा फार आहे, कपडे तासाभरात वाळतात.

तुला एक गोष्ट माहीत नाही. रविवारी मी मॅचला आले होते. स्टेडियमची पायरी मी तुझ्या जन्माच्या आधी शेवटची चढले होते, पण म्हटलं, लेक पहिल्यांदा आपल्या गावात शिट्टी फुंकणार, तर घरी बसून दुकानातल्या बुगात्सा-पेस्ट्रीचं पीठ काय लाटायचं? तू त्या दोघा झेंडेवाल्या लाइनमनना घेऊन मैदानात आलीस आणि सगळं स्टँड उभं राहिलं. रेफरीसाठी उभं राहिलेलं आपल्या फोकाइकोस क्लबचं स्टँड मी जन्मात पाहिलं नव्हतं. 'आपली पोर! आपली पोर!' माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगते, तो आनंदाचा नव्हता.

तुझे बाबा माझ्या शेजारी. जो माणूस आठ वर्षं, तू रेफरीचा कोर्स केलास त्या दिवसापासून, तुझ्याशी थेट एक शब्द बोलला नाही, तुझ्या लग्नाच्या टेबलावरसुद्धा 'आईला सांग, मीठ इकडे दे' म्हणाला, तो शेजारच्याला कोपर मारून सांगत होता, "धाव बघ तिची, धाव! माझ्यावर गेलीय." मला हसू आलं आणि रागही आला. आठ वर्षं ती शिट्टी या घराला बाटवत होती. आता ती आपल्या बाजूने वाजणार असं वाटलं, तर लगेच माझी लेक!

मग अठ्ठ्याऐंशीवं मिनिट. बरोबरी पुरली असती आपल्याला, पहिल्या डिव्हिजनमध्ये गेलोच असतो. तू पेनल्टीच्या ठिपक्याकडे हात केलास. एवढी माणसं एकदम गप्प झाली की झेंड्याची दोरी खांबावर आपटतेय ते ऐकू आलं. अथेन्सवाल्यांनी गोल केला, मॅच संपली, पोलिसांनी तुला ढालींखालून आत नेलं. तुझं डोकं दिसत नव्हतं, नुसते बूट दिसले.

नीट जेव. स्तेर्गिओसच्या आईला विचारलंय म्हणून सांग.

तुझी आई

ता. क. शटरचा रंग आम्ही दिलेला नाही. कुणीतरी तुला फोटो पाठवेलच, त्यापेक्षा मीच सांगते. तुझं नाव आहे, आणि पुढे एक शब्द. नाव शुद्ध लिहिलंय.


काव्हाला, २५ मे

झीनो,

उत्तर नाही आलं, तरी लिहिते.

मागच्या पत्रात मी सगळं नीट सांगितलं नव्हतं. शटर पुसलं की पुन्हा लिहितात. तेव्हा आता पुसत नाही. दुकान उघडलं, पण सकाळी जी माणसं तीस वर्षं उभ्या उभ्या बुगात्सा खाऊन बंदरावर कामाला जायची, ती समोरच्या फुटपाथने जातात. मान खाली घालून. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. दुकानाची रस्त्याकडची खिडकी फुटली, तिथे पुठ्ठा लावलाय, आणि वर घराच्या खिडक्यांचे पडदे तुझ्या बाबांनी ओढून घेतलेत. भर दुपारी आम्ही दिवा लावून जेवतो. बाहेर पडायचं तर मागच्या दाराने, किल्ल्याच्या पायऱ्यांवरून.

आणि ते दिवसभर ती मॅच बघतात. म्हणजे ती एकच घटना. पुढे, मागे, पुढे, मागे. मी म्हटलं, "अहो, किती वेळा बघाल? पोरगा प्रत्येक वेळी पडणारच आहे." तर म्हणाले, "रोदान्थी, पेनल्टी नव्हती." मी म्हटलं, "हे तर अख्खं गाव म्हणतंय." "गाव म्हणतंय, तिने पैसे खाल्ले. मी म्हणतोय, पेनल्टी नव्हती. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत." असं म्हणून त्यांनी पुन्हा मागे नेलं, आणि मी खाली बसले. कारण झीनो, या घरात त्या दोन गोष्टी आजवर कधी वेगळ्या नव्हत्या. तू त्यांच्या खांद्यावर बसून मॅच बघायचीस तेव्हापासून तुला काय शिकवलं त्यांनी? रेफरी चुकत नसतो. रेफरी विकलेला असतो. अथेन्सचे पेपर, अथेन्सचा टीव्ही, अथेन्सची शिट्टी, सगळं एका ताटात जेवतं. फॅन क्लबच्या भिंतीवर हे त्यांनीच लिहवून घेतलंय, अध्यक्ष म्हणून.

काल प्रोद्रोमोस आला. मागच्या दारानेच आला. तुझा धर्मपिता आणि चोरासारखा मागच्या दाराने! कॉफी ठेवली, ती प्यायला नाही.

"क्लेआन्थिस," तो म्हणाला, "फॅन क्लबची मीटिंग झाली. तू नव्हतास."

"मला बोलावलं नव्हतं."

"बोलावणं बरं दिसलं नसतं. ऐक. गुरुवारी चारला गावच्या रेडिओवर सावासच्या कार्यक्रमात जा. एक वाक्य बोल. 'ती आता माझी कोणी नाही.' बस. पोरांना मी आवरतो. शटर आम्हीच धुऊन देऊ."

तुझे बाबा त्याच्याकडे बघत राहिले. "तिला बाप्तिस्म्याच्या पाण्यातून तू काढलंस, प्रोद्रोमोस. नाव तू ठेवलंस."

"म्हणून तर मला पाठवलंय!" तो एकदम ओरडला आणि मग पडद्याकडे बघत आवाज खाली आणला. "तुला काय वाटतं, मला ते सोडतायत? माझ्या पोराला जिममध्ये विचारतात, तुमच्या घरची ना ती? काहीतरी दे मला त्यांच्या हातात ठेवायला."

मी म्हटलं, "भाऊजी, माझी लेक म्हणजे काही मटणाचा तुकडा आहे का हातात ठेवायला?"

तो उठला. दारात थांबून म्हणाला, "वहिनी, मी तिच्यावर जीव टाकतो. पण मला याच गावात राहायचंय."

तुझे बाबा गुरुवारी जाणार म्हणतात. काय बोलणार, सांगत नाहीत. मी विचारलं तर म्हणतात, "बघू." या माणसाने आयुष्यात कधी 'बघू' म्हटलं नव्हतं.

आई


काव्हाला, ३१ मे

झीनो,

काल तू फोन केलास. तेरा दिवसांनी तुझा आवाज, आणि त्यात एवढंच, "त्यांना सांग, पाहिलं मी." आणि ठेवलास. शेवटी तूही 'त्यांना सांग' शिकलीसच. बापाची लेक.

तू काय पाहिलंस ते मला माहीत आहे. अथेन्सच्या चॅनेलने दाखवलेला तुकडा. त्यात तुझे बाबा म्हणतात, "माझ्या मुलीने चूक केली." मग जरा खरखर. मग म्हणतात, "पैसे घेतले होते की नाही, मला माहीत नाही." आणि खाली मोठ्या अक्षरात, 'बापालाच भरवसा नाही.'

आता मी सांगते ते वाच. मी तिथे होते, स्टुडिओच्या काचेच्या अलीकडे, एका मोडक्या खुर्चीवर. ऐकलं तेच लिहितेय, माझ्या पदरचं एक अक्षर घालत नाही.

सावास म्हणाला, "क्लेआन्थिस काका, गाव ऐकतंय." त्याच्या आवाजात लाळ होती, मला तेव्हाच कळलं. तुझ्या बाबांनी पांढरा शर्ट घातला होता, क्लबचा स्कार्फ घातला नव्हता.

ते म्हणाले, "पेनल्टी नव्हती. आपल्या पोराचा पाय आधी चेंडूला लागला. तो अथेन्सचा स्वतः पडला. माझ्या मुलीने चूक केली."

सावासने मान डोलावली, आणखी सांगा अशी.

"पण ती विकली गेली नाही. ती चुकीच्या बाजूला होती. तिच्या आणि चेंडूच्या मध्ये आपलाच चार नंबर आला. मी इतक्यांदा बघितलंय की आता मला तिथलं गवत ओळखू येतं. ती उभी होती तिथून तुम्ही बघा, तुम्हालाही पाडल्यासारखंच दिसेल. दोन पावलं डावीकडे असती तर तिने पेनल्टी दिली नसती. दोन पावलं. याला पैसे खाणं म्हणत नाहीत."

सावासची मान डोलायची थांबली. त्याने लगेच एका ऐकणाऱ्याचा फोन घेतला. पलीकडे म्हातारा आवाज होता, मच्छीबाजारातला. नाव सांगितलं नाही, पण तुझे बाबा ओळखत असणार, कारण ते खुर्चीत ताठ झाले.

"क्लेआन्थिस, मी तुझ्यामागे तीस वर्षं त्या स्टँडमध्ये उभा राहिलो. मला एक सांग. तो पावसातला फायनल आठवतो? तो रेफरी, ज्याची गाडी आपण हायवेपर्यंत दगड मारत नेली? आम्हाला वाटलं होतं ऑफसाइड असेल बाबा. तूच म्हणालास, खाल्ले, यानं खाल्ले. त्याला दोन पावलं नव्हती का रे? का दोन पावलं फक्त तुझ्या पोरीला?"

तुझे बाबा बोलले नाहीत. रेडिओवर गप्प बसणं किती मोठं असतं हे मला तिथे कळलं. सावास हाताने खुणा करत होता, बोला, बोला. मी काचेवर टकटक करणार होते. मला वाटलं, आता म्हणतील, तो वेगळा होता. एवढं म्हणाले असते तर सुटले असते गं. गावाने हेसुद्धा चालवून घेतलं असतं. प्रत्येकाला आपलं पोर वेगळंच वाटतं.

ते म्हणाले, "त्या माणसाने पैसे घेतले होते की नाही, मला माहीत नाही."

"काय?" म्हातारा म्हणाला.

"मला कधीच माहीत नव्हतं. काही जणांनी घेतले होते. ते पकडले गेले, तुरुंगात गेले, ते मी आजही सांगतो. पण त्याचं मला माहीत नव्हतं. आपण हरलो होतो आणि मला कुणाला तरी धरायचं होतं."

म्हाताऱ्याने फोन ठेवला. सावासने गाणं लावलं.

बघितलंस त्यांनी काय केलं ते? 'त्या माणसाने' हे दोनच शब्द कापले. म्हाताऱ्याचा प्रश्न कापला, तुझ्यासाठी बोलले ते सगळं कापलं, आणि तू आणि तो पावसातला रेफरी एका वाक्यात शिवून टाकले.

घरी येताना पायऱ्यांवर ते दोनदा थांबले. मी म्हटलं, दम लागला का? म्हणाले, "मी तिच्यावर हात उचलला असता तरी हिशोब सोपा होता. हे काय करून बसलो मी?" तुकडा तेव्हा अजून लागायचा होता. म्हणजे ते अथेन्सबद्दल बोलत नव्हते, तुझ्याशी न बोललेल्या आठ वर्षांबद्दल बोलत होते.

उत्तर दे. मला नको देऊस, त्यांना दे.

आई


काव्हाला, १८ जून

झीनो,

स्तेर्गिओसकडून कळलं. रेफरी समितीने तुला यादीतून काढलं. 'सध्याच्या वातावरणात विश्वासार्हतेचा प्रश्न' असं काहीसं लिहिलंय म्हणे. अथेन्सच्या ज्या पेपराने मॅचच्या आदल्या दिवशी 'शिट्टी घरातच राहिली' म्हणून बोंब मारली, मॅचच्या दुसऱ्या दिवशी 'निर्भीड झिनोविया' म्हणून तुझा फोटो पहिल्या पानावर छापला, त्यानेच आता लिहिलंय की प्रश्न तर विचारलेच पाहिजेत.

मी तुझ्या बाबांना वाचून दाखवलं. ते चॅनेलला फोन करायला बसले. तीनदा केला. एका मुलीने फार गोड आवाजात सांगितलं, तक्रार लिहून पाठवा. त्यांनी लिहून पाठवली, सावासकडून पूर्ण रेकॉर्डिंग मागितलं. सावास म्हणाला, पुसलं गेलं.

मग ते खुर्चीत बसले आणि हसायला लागले. मी घाबरले. म्हणाले, "रोदान्थी, पन्नास वर्षं मी ओरडतोय की अथेन्सवाले आपलं बोलणं कापतात. आज त्यांनी खरंच कापलं. आणि हे मी सांगू कुणाला?"

कारण सांगायला माणूस उरलेला नाही. फॅन क्लबने त्यांना काढलं. तुझ्यामुळे नाही हं. तुझ्याबद्दल ते बोलले ते लोकांनी कदाचित गिळलं असतं. पावसातल्या फायनलबद्दल बोलले ते नाही गिळलं. तो फायनल या गावाचा देव होता आणि त्यांनी जाऊन त्याच्या पायाखालचा दगड काढला. प्रोद्रोमोस पायऱ्यांवर भेटला तर भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, मी जाईपर्यंत. इथल्यांना आम्ही गद्दार, तिथल्यांना आम्ही रानटी. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या काठावर आमचं पुठ्ठ्याच्या खिडकीचं दुकान.

माझी बहीण म्हणते, थासोसला या, बेटावर कुणी विचारत नाही. मी बॅगसुद्धा काढली. तुझे बाबा म्हणाले, "गेलो तर म्हणतील, घेतले होते, म्हणून पळाले." मी म्हटलं, "राहिलो तर?" "राहिलो तर म्हणतील, निर्लज्ज आहेत." "मग?" "मग राहायचं." बॅग अजून पलंगावर उघडीच आहे. मी तिच्या कडेला झोपते.

आता मला तुला एक विचारायचंय, आणि एकदाच विचारणार आहे. तो पोरगा पडला तेव्हा तुला पेनल्टी दिसली, की आदल्या दिवशीचा पेपर दिसला? घरची आहे म्हणून देणार नाही, असं ते म्हणत होते. तू दिलीस. मी आई आहे, मला तुझा चेहरा लहानपणापासून माहीत आहे. चोरी न करता चोरी केल्यासारखा होतो तो, कुणी नुसतं बघितलं तरी.

सांगू नकोस. तुलाही माहीत नसेल. त्या मैदानावर एका बाजूने हजारो माणसं 'आपली पोर' म्हणून दाबत होती आणि दुसऱ्या बाजूने अख्खं अथेन्स बघत होतं. मध्ये एक शिट्टी आणि तू. दोन पावलं सरकायला जागा कुठे होती?

बाबांना मी हे विचारलं नाही. पण परवा मॅच बघताना त्यांनी ती नेहमीची जागा यायच्या आधीच टीव्ही थांबवला. पडद्यावर तू होतीस, धावताना, केस चिकटलेले. म्हणाले, "घाबरलीय गं." एवढंच.

आई


काव्हाला, ५ ऑक्टोबर

झीनो,

पत्र मिळालं. चार ओळी, पण मिळालं. 'सगळं वाचलं. दुकानाची काच बसवून घ्या' एवढ्या ओळींसाठी टपालवाल्याला मी बुगात्सा बांधून दिली. काच मागच्याच महिन्यात बसवली. उन्हाळ्यात प्रवासी आले, त्यांना शटरवरचं वाचता येत नाही, ते खातात. आता हळूहळू बंदरावरचे दोघे-तिघे येतात. बोलत नाहीत, पण येतात. भूक लागली की माणूस फार काळ गाववाला राहत नाही.

फॅन क्लबच्या भिंतीवर मात्र बाबांच्या फोटोच्या जागी चौकोन आहे. रविवारी मॅच असली की ते स्वयंपाकघरात बसतात. ओरडा इथपर्यंत ऐकू येतो. ओरड्यावरूनच सांगतात, आता कॉर्नर, आता फाउल. तिकीट काढून जायला त्यांना कुणी अडवलेलं नाही. ते जात नाहीत. मी म्हटलं, एवढं आहे तर गुपचूप दुसऱ्या स्टँडमध्ये बसा. म्हणाले, "ओरडायचं काय ते आठवत नाही मला."

स्तेर्गिओसने सांगितलं की तुला पुन्हा मॅचेस मिळायला लागल्या, गावगावच्या, हौशी लोकांच्या. जिथे मैदानाला कुंपण म्हणून खाटांच्या जाळ्या असतात आणि बकऱ्या कॉर्नरवरून जातात. मी हे बाबांना सांगितलं नव्हतं. त्यांनीच त्याच्याकडून काढून घेतलं, कुठलं गाव, किती वाजता, बस कुठे थांबते.

येत्या रविवारी ते येतायत. मला म्हणाले, तिला कळवू नकोस. म्हणून कळवतेय.

त्यांनी शर्ट इस्त्री केलाय, स्वतः, एक बाही करपवून. मी विचारलं, काय करणार तिथे जाऊन? म्हणाले, काही नाही, कुंपणापाशी उभा राहीन. शब्द बोलणार नाही, मेरीमातेची शपथ. या माणसाने मैदानाशेजारी तोंड बंद ठेवल्याचं मी चाळीस वर्षांत पाहिलेलं नाही. आमच्या साखरपुड्याच्या दिवशी बागेत पोरं खेळत होती, तर अंगठी हातात घेऊन हे त्यांना सांगत होते, हात लागला, हात लागला!

तेव्हा आधीच सांगून ठेवते. ते ओरडले, ऑफसाइड म्हणाले, आंधळी म्हणाले, काहीही म्हणाले, तर तू बघू नकोस. खेळ चालू ठेव.

पण गप्प उभे राहिले, तर मात्र एकदा त्यांच्याकडे बघ.

तुझी आई